विमानाचा तुकडा दालनात मांडण्यापूर्वी: सीमाभागातील माजी सैनिक संघटना आणि तरुण मंडळांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी भागातील माजी सैनिक संघटना, तरुण मंडळे व वाचनालयांचे कार्यकर्ते

जय हिंद.

गावात सैनिकांचे स्मृतिदालन असावे, ही इच्छा सीमाभागात नवी नाही. मराठा सेंटर उशाशी असलेल्या या मुलखात पलटणीत गेलेल्या माणसाचे घर शोधायला लांब जावे लागत नाही. पदके, गणवेश, फोटो, पेन्शनची कागदपत्रे एवढ्यावर एक खोली सहज भरते. मग कुणीतरी म्हणतो, युद्धात पडलेल्या विमानाचा एखादा तुकडा मिळाला तर दालन उठून दिसेल. तुकडा मिळतोही. कुणी अरुणाचलच्या पोस्टिंगवरून ट्रंकेतून आणलेला असतो, कुणी भंगारवाल्याकडून, कुणी परदेशातल्या विक्रेत्याकडून मागवलेला. जुन्या धातूच्या वस्तू ओळखणे, साफ करणे आणि टिकवणे हे आमचे काम. या तुकड्यांचे पुढे काय होते, काय बिघडते आणि कशामुळे, ते तुमच्यापर्यंत पोचावे म्हणून हे पत्र.

मागणी एकच आहे. जो तुकडा कुठे सापडला हे सांगता येत नाही, तो ‘पडलेल्या विमानाचा’ म्हणून मांडू नका. ‘जुन्या विमानाचा पत्रा, मूळ अज्ञात’ असे लिहून ठेवा, त्यात कमीपणा नाही.

हा हट्ट कशासाठी, ते कर्नाटकातल्याच उदाहरणाने सांगतो. बेंगळुरूचा हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना १९४० चा. युद्धकाळात तिथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती चाले. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला मोडीत टाकलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने याच कारखान्याच्या लोकांनी पुन्हा उडण्याजोगी केली, आणि ती भारतीय वायुसेनेत १९६८ पर्यंत होती. लंडनजवळच्या हेंडनच्या संग्रहालयातले लिबरेटर भारतातूनच गेलेले आहे. म्हणजे आपल्याकडच्या भंगारात लिबरेटरचा अस्सल, युद्धकाळातला, कारखान्याचा शिक्का असलेला पत्रा निघू शकतो आणि तरीही ते विमान कुठेच पडलेले नसते. वय झाले, म्हणून कापलेले असते. पत्रा खरा, गोष्ट खोटी. तसेच बेळगावजवळच्या सांबऱ्याचे. तिथला विमानतळ १९४२ चा, ब्रिटिश वायुदलाने उभारलेला; पण तेवढ्यावरून परिसरात सापडलेला प्रत्येक जुना पत्रा ‘सांबऱ्याला पडलेल्या विमानाचा’ होत नाही. मणिपूर-आसामकडून येणाऱ्या भोकांच्या लोखंडी फळ्याही विमानाचा भाग म्हणून खपवल्या जातात. १० फूट लांब, १५ इंच रुंद, वजन ६६ पौंड, ओळीने गोल भोके: ही तात्पुरत्या धावपट्टीवर अंथरायची फळी. विमान तिच्यावरून धावले असेल एवढेच.

तुकडा हातात आला की पहिले काम वाचनाचे. साफसफाई नंतर. अमेरिकी विमानांच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला ‘अल्क्लॅड २४एस-टी’ अशी शाईची छपाई ओळीने असते. ही शाई थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने पुसली जाते, आणि हौशी माणूस सगळ्यात आधी थिनरच लावतो. रिव्हेटच्या रांगेजवळ, कोनाच्या पट्टीवर, बिजागरीच्या पोटात भागाचा क्रमांक ठोकलेला किंवा छापलेला असतो. त्याचे सुरुवातीचे आकडे बोलके असतात. कन्सॉलिडेटेड कंपनीच्या लिबरेटरचे क्रमांक ३२ ने सुरू होतात, कारण कंपनीच्या हिशेबात ते ३२ नंबरचे मॉडेल. मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानाचे ७३, १०२, १०६ किंवा १०९ ने. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पहिल्या आवृत्तीचे ३००, पाचवीचे ३४९, नववीचे ३६१. मात्र जुन्या आवृत्तीसाठी आखलेला भाग पुढच्या आवृत्तीतही तसाच वापरत, त्यामुळे ३०० दिसले म्हणून लगेच ‘पहिली आवृत्ती’ म्हणू नये. सगळ्यात मोठा क्रमांक कोणता दिसतो, त्यावरून विमान ठरते. स्पिटफायरवर तपासनिसाचा छोटा गोल शिक्काही सापडतो. त्यात ६ आणि एस असेल तर सुपरमरीन ही मूळ कंपनी, सी-बी-ए-एफ असेल तर कॅसल ब्रॉमविचचा कारखाना. ब्रिटिश उपकरणांवर राजमुकुट, खाली ए-एम ही अक्षरे आणि भांडाराचा क्रमांक: ६ए म्हणजे उड्डाणाची उपकरणे, ५सी म्हणजे विजेचे सामान. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या भागांवर ८-१०९ अशी सुरुवात असते.

इंजिनावरून विमान ओळखण्याची घाई करू नका. प्रॅट अँड व्हिटनीचे आर-१८३० हे १४ सिलिंडरचे, सात-सातच्या दोन ओळींचे इंजिन डाकोटा या मालवाहू विमानालाही होते, लिबरेटरलाही आणि कॅटालिना या समुद्री विमानालाही. पाटीवर पुढे ४३ किंवा ६५ असेल तर लिबरेटर समजायला हरकत नाही, ९२ असेल तर बहुधा डाकोटा. पाटी नसेल तर थांबा. रोल्स-रॉइसच्या २७ लिटरच्या मर्लिनचेही तेच: स्पिटफायर, हरिकेन, मॉस्किटो, लँकेस्टर, आणि अमेरिकेत पॅकार्डने बनवलेला मर्लिन मस्टँगमध्ये. नुसता पिस्टन दाखवून ‘स्पिटफायरचा पिस्टन’ म्हणणारा विक्रेता तुमच्या स्वप्नाची किंमत लावतोय.

आता जागेविषयी. विमान पडलेली जागा म्हणजे आधी अपघातस्थळ, बऱ्याचदा कुणाची तरी समाधी. हिमालयावरून चीनकडे रसद नेणाऱ्या हवाई मार्गावर १९४२ ते १९४५ या काळात जवळपास ६०० विमाने कोसळली किंवा बेपत्ता झाली; त्यातल्या कित्येकांचे वैमानिक अजून कागदोपत्री बेपत्ता आहेत. आपल्या वायुसेनेचे एएन-१२ विमान ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला जाताना १०२ जणांसह नाहीसे झाले. त्याचे अवशेष २००३ मध्ये बर्फात दिसले आणि २०२४ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी, आणखी चार जवानांचे देह हाती आले. त्यातल्या एकाची ओळख पटवायला खिशातला कागद कामी आला. कुणा हौशी माणसाने तो गणवेश आधीच ‘आठवण’ म्हणून उचलला असता, तर तो जवान आजही बेपत्ताच राहिला असता.

ब्रिटनने यासाठी १९८६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तिथे कोसळलेले लष्करी विमान, मग ते शत्रूचे का असेना, आपोआप संरक्षित ठरते. उकरायचे असेल तर संरक्षण मंत्रालयाचा परवाना आणि जमीनमालकाची संमती दोन्ही लागतात. मानवी अवशेष किंवा स्फोटके असण्याची शक्यता दिसली की परवाना मिळत नाही. त्यामुळे ब्रिटनमधल्या जागेवरचा तुकडा विकत घेणार असाल तर विक्रेत्याकडे एकच गोष्ट मागा: परवान्याची प्रत. पुरवठादार सच्चा असेल तर तासाभरात फोटो पाठवतो. नसेल तर ‘आजोबांनी शेतात सापडवले’ अशी लांबलचक कथा पाठवतो.

आपल्याकडे पुरावस्तू कायदा १९७२ चा. त्यात साधारणपणे १०० वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू मानली जाते, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा पत्रा अजून त्या व्याख्येत बसत नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाहून पणजोबांनी आणलेली वस्तू मात्र बसते, हे घरोघरच्या ट्रंका उघडताना लक्षात असू द्या. पण पुरावस्तू नाही म्हणजे उचलणाऱ्याची झाली, असे नव्हे. लष्करी विमान मोडले तरी सरकारचेच. जमीन कुणाच्या तरी उताऱ्यावर असते. आणि खानापूर तालुक्यात भीमगडच्या अभयारण्यात शिरून काही हलवाल, तर वनखात्याच्या गुन्ह्यात सापडाल. तिथे आतला वाळलेला फाटासुद्धा परवानगीविना बाहेर आणता येत नाही.

म्हणून शेतात, रानात, विहिरीच्या गाळात विमानासारखे काही दिसले तर क्रम असा ठेवा. हात लावू नका. मोबाइलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दशांशचिन्हानंतर किमान पाच आकड्यांपर्यंत टिपा. चारही दिशांकडून फोटो घ्या, प्रत्येक फोटोत १५ सेंटिमीटरची शाळकरी पट्टी ठेवा. नंतर पोलीस ठाणे आणि ग्रामपंचायत. हाड, दात, कापड, बूट यातले काहीही दिसले तर माती परत सारखी करण्याचा मोहही आवरा. दोरी बांधून माणूस उभा करा. आपल्याकडे पंचनामा कन्नडमध्ये होतो. सही करणारा पंच मराठीच वाचत असेल तर तो मजकूर मोठ्याने वाचून, अर्थ सांगून घ्या आणि मगच सही करा. ‘लोखंडी वस्तू’ आणि ‘अ‍ॅल्युमिनियमची वस्तू, क्रमांक अमुक’ यात पुढे फार फरक पडतो. आणि प्रत मागायला संकोचू नका.

अधिकृत उत्खनन होणार असेल आणि तुमच्या मंडळाची माणसे हाताशी घेतली, तर आग्रह धरा तो चौकटींचा. जागेवर दोन-दोन मीटरचे चौकोन आखायचे, प्रत्येकाला अक्षर आणि आकडा द्यायचा, वस्तू कुठल्या चौकोनातून किती खोलीवरून निघाली ते त्याच क्षणी पिशवीवर लिहायचे. संध्याकाळी आठवून लिहू म्हटले की संपले. ही कटकट का? शेपटी, पंखांची टोके आणि इंजिन एकाच खड्ड्यात आणि भोवती निघाले, तर विमान अखंड जमिनीवर आदळले. शेपटी दीड-दोन किलोमीटर अलीकडे सापडली तर ते हवेतच तुटले. मऊ चिकणमातीत लढाऊ विमानाचे इंजिन कित्येक मीटर खोल जाते आणि हवा न लागल्यामुळे ८० वर्षांनीही रंगासकट मिळते. खडकावर आदळलेल्याचे भुसकट होते. ही सगळी कहाणी तुकड्यांच्या जागेत असते. तुकडे एकदा पोत्यात भरले की ती कुठल्याच प्रयोगशाळेत परत मिळत नाही.

धोक्यांकडे येतो. इथे आम्ही जरा लांबण लावणार आहोत, कारण गावातला सगळ्यात हुशार मेकॅनिकच इथे सगळ्यात आधी सापडतो.

काडतुसे. .३०३ ची गोळी आपल्या जुन्या शिपायांना नवी नाही. बुडावर के-एफ ही अक्षरे असतील तर ती खडकीच्या कारखान्याची. बुडावर जी म्हणजे माग दाखवणारी, डब्ल्यू म्हणजे चिलखत भेदणारी, बी म्हणजे आग लावणारी. ८० वर्षे मातीत राहिली म्हणून ती मेली, हा गैरसमज. पितळ गंजून चिरते, आतली कॉर्डाइट ही दारू मात्र पेट घेऊ शकते. २० मिलिमीटरच्या तोफगोळ्याच्या टोकात फ्यूज असतो. तो व्हाइसमध्ये पकडून ‘उघडून बघू’ हा विचार करणाऱ्याचे हात जातात. शिवाय जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते देवघरात ठेवलेले असले तरी. दिसले की तिथून लांब जाऊन ११२ वर फोन करा. जीपमध्ये घालून ठाण्यावर नेऊ नका.

जेट विमानांचे अवशेष, म्हणजे १९६५, १९७१ किंवा त्यानंतरचे, आणखी अवघड. वैमानिकाची खुर्ची बाहेर फेकणारी काडतुसे खुर्चीच्या पाठीत आणि काचेच्या चौकटीत असतात. खुर्ची रिकामी दिसली म्हणजे ती सुटलेली असेलच असे नाही. नळी, दांडा, पिन असलेली कुठलीही खुर्ची दालनात येण्यापूर्वी वायुसेनेच्या शस्त्रतज्ज्ञाकडून निकामी केल्याचा कागद हवा. चाकाच्या पायातले धक्काशोषक तेल आणि नायट्रोजनच्या दाबाने भरलेले असतात. त्यावर गॅस कटर लावला की दट्ट्या गोळीसारखा सुटतो.

मॅग्नेशियम. हे उद्यमबागच्या फौंड्रीवाल्यांनी जरूर वाचावे. जुन्या विमानांची चाके, इंजिनाची काही आवरणे, गिअरपेटी अ‍ॅल्युमिनियमची वाटते पण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. हातात घेतल्यावर अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सुमारे एक तृतीयांश हलकी लागते. खात्री करायची तर कोपऱ्यावर नखाएवढी जागा घासून चकचकीत करा आणि व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे सळसळले तर मॅग्नेशियम. अ‍ॅल्युमिनियम तेवढ्यात काही बोलत नाही. लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा. मॅग्नेशियमवर ग्राइंडर चालवला तर ठिणग्यांबरोबर चुराच पेटतो, आणि त्या आगीवर पाणी ओतले की हायड्रोजन निघून ती भडकते. धातूच्या आगीसाठीची डी वर्गाची कोरडी पावडर ज्या शेडमध्ये नाही, तिथे हा धातू कापूच नये. वितळवण्यासाठी घेतलेल्या भंगारात विमानाची बंद नळी किंवा ओल धरलेला पोकळ भाग असेल तर तो वितळलेल्या रसात पडताच वाफेने फुटतो. फौंड्रीतल्या जुन्या माणसाला हे सांगावे लागत नाही. नव्या पोराला सांगावे लागते.

रेडियम. कॉकपिटमधल्या तबकड्यांचे आकडे आणि काटे अंधारात दिसावेत म्हणून रेडियम या किरणोत्सारी धातूच्या रंगाने रंगवत. आज ते अंधारात चमकत नाहीत, म्हणून लोक म्हणतात ‘उतरले’. चमकणारे रसायन थकले आहे. रेडियम तसेच आहे: त्याचा अर्धा भाग सरायला १६०० वर्षे लागतात, म्हणजे गेल्या ८० वर्षांत १०० मधले जेमतेम साडेतीन सरले. काच शाबूत असेल तर तबकडी बंद पिशवीत, माणसांची वर्दळ नसलेल्या हवेशीर जागी ठेवता येते. काच फुटली असेल, रंगाची पूड सुटली असेल, तर तिला घरात जागा नाही. उघडू नये, खरवडू नये, फुंकर मारू नये, लहान मुलांच्या हाती देऊ नये. रेडियममधून रेडॉन वायू निघतो, त्यामुळे पाच-सहा तबकड्या एकाच बंद शोकेसमध्ये मांडणे म्हणजे शोकेस उघडणाऱ्याच्या तोंडावर तो सोडणे. अंतर दुप्पट केले की किरणांचा जोर चौथाईवर येतो. मांडायचेच असेल तर प्रेक्षक हाताच्या अंतराच्या आत येणार नाहीत असे मांडा, आणि आधी किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर यंत्राने मोजून घ्या. मोजायची सोय नसेल तर मांडू नका, मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला लिहून विचारा. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात किरणोत्सारी कोबाल्ट-६० असलेले प्रयोगशाळेचे यंत्र फोडले गेले आणि त्यात एका कामगाराचा जीव गेला. तबकडीतले रेडियम त्या मानाने किरकोळ, तरी भंगारवाल्याला ‘हे काय आहे’ हे माहीत नसणे, ही चूक दोन्हीकडे सारखीच.

हिरवट-पिवळा आतला रंग दिसला तर तो झिंक क्रोमेटचा. पॉलिश पेपरने घासला की त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि ती कर्करोगाला आमंत्रण देते. तो रंग तसाही राखायचाच असतो.

साफसफाईत सर्वाधिक नुकसान आपुलकीने होते. विमानाचा पत्रा म्हणजे शुद्ध अ‍ॅल्युमिनियम नव्हे; त्यात शेकडा साडेचारच्या आसपास तांबे असते. तांब्यामुळे ताकद येते, पण गंजण्याची खोडही येते. म्हणून दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचे पातळ कवच चढवत, जाडीच्या शेकडा ५ प्रत्येक बाजूला. ०.८ मिलिमीटरच्या पत्र्यावर हे कवच ०.०४ मिलिमीटर झाले. वायरब्रश किंवा ग्राइंडरचा बफ एकदा फिरला की ते गेले, आणि पुढच्या पावसाळ्यात पत्रा वहीच्या पानांसारखा थराथरांनी सुटू लागतो. अ‍ॅल्युमिनियम आम्लापुढेही टिकत नाही आणि अल्कलीपुढेही. आम्ल-अल्कली मोजणारा पीएच आकडा ४ ते ८.५ च्या दरम्यान असेल तरच तो शांत असतो. त्यामुळे चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, धुण्याचा सोडा, चुना, फरशीचे आम्ल यातले काहीही नको. पितळी समईला जे चालते ते इथे चालत नाही.

चालते ते असे. सुकी माती बांबूच्या काडीने आणि मऊ नायलॉनच्या ब्रशने काढायची. मग पाणी, पण बोअरचे नाही. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षारच धातूला खातात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी प्लास्टिकच्या टबात घ्या, वस्तू बुडवा, २४ तासांनी पाणी बदला. प्रत्येक वेळी काढलेले थोडे पाणी बाटलीत घेऊन त्यात नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे काही थेंब टाका. दुधट गढूळपणा आला तर क्लोराइड, म्हणजे धातू गंजवणारा क्षार, अजून निघतो आहे. हायस्कूलच्या रसायनशाळेत ही चाचणी पाच मिनिटांत होते, विज्ञानाच्या शिक्षकांना विनंती करा. गढूळपणा थांबला की वस्तू बाहेर, अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने ओल ओढून घ्यायची (शाई-रंग असलेली जागा सोडून), आणि पंख्याखाली, उन्हात नव्हे. शेवटी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचे पाच ग्रॅम १०० मिलिलिटर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून ब्रशने पातळ हात. याचा गुण असा की उद्या कुणा जाणत्याला तो काढायचा झाला तर अ‍ॅसिटोनने निघतो. गाडीच्या वर्कशॉपमधला क्लिअर लॅकर निघत नाही, पिवळा पडतो, आणि त्याच्याखाली गंज सुखाने वाढतो. आणि एक: वस्तूत अ‍ॅल्युमिनियम, लोखंडी बोल्ट, पितळी नळी सगळे एकत्र असेल तर बुडवण्याचे काम सोडा. पाण्यात हे धातू एकमेकांना बॅटरीसारखे खातात. मॅग्नेशियम तर कधीच बुडवू नये.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. कणकुंबी-जांबोटीकडे भिंतीला हात लावला तरी ओल लागते, बेळगाव शहरात फार वेगळे नसते. लोखंडी भागावर तांबूस घामाचे थेंब आले की आतला क्लोराइड जागा झाला असे समजा. हवाबंद झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा स्वयंपाकघरी डबा, आत वस्तूच्या वजनाइतके सिलिका जेल, आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्याने बहुतेक वस्तू वाचतात. लोखंडासाठी आर्द्रता शेकडा २० च्या खाली, अ‍ॅल्युमिनियमसाठी ४० च्या खाली. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरायचे. लाकडी कपाट, प्लायवूड, वर्तमानपत्र, रबरबँड, पीव्हीसीची पिशवी टाळा. यातल्या प्रत्येकातून धातूला न मानवणारी वाफ किंवा गंधक सुटते. सागवानी शोकेस दिसायला छान, पण शिशाच्या आणि मॅग्नेशियमच्या वस्तूंची ती हळूहळू राख करते.

खरेदी कोल्हापूरच्या किंवा आणखी कुठल्या बाजारातून करत असाल तर पावती आणि वस्तूचे वर्णन घ्या. ५०,००० रुपयांवरचा माल राज्याची हद्द ओलांडताना ई-वे बिल लागते. परदेशातून मागवताना तबकड्या वगळाच. किरणोत्सारी वस्तू साध्या पार्सलने पाठवणे नियमाबाहेरचे आहे. नव्या कोऱ्या पितळी पाट्या आम्लात बुडवून जुन्या केलेल्या सर्रास विकतात. अस्सल पाटी उखडताना रिव्हेटच्या भोकांच्या कडा ओढल्या जातात, पाटी थोडी वाकते, मागच्या बाजूला चिकट पदार्थाची किंवा रंगाची सावली असते. सगळीकडे सारखा हिरवा, भोके नीटस गोल, मागची बाजू पुढच्याइतकीच जुनी: ती बादलीतली पाटी.

ओळखपट्टी मिळाली तर? ब्रिटिश आणि भारतीय फौजेतल्या पट्ट्या दाबलेल्या फायबरच्या, एक हिरवी अष्टकोनी, एक लाल गोल, अमेरिकी धातूच्या. ती संग्रहाची वस्तू नाही. पोलिसांमार्फत वायुसेनेकडे किंवा पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे कळवा, परकी सैनिक असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाला किंवा त्या देशाच्या वकिलातीला. खडकीच्या युद्धसमाधीवरचे दगड ज्या आयोगाने जपले आहेत तोच हा आयोग. घड्याळ, अंगठी, पत्र, पाकीट यांनाही हाच नियम.

नोंदवहीत प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या आणि तोच वस्तूवरही घाला: आधी पॅरालॉइडचा नखाएवढा पट्टा, त्यावर काळ्या शाईने क्रमांक, वर पुन्हा पॅरालॉइड. समोर दिसेल अशा जागी नको. वहीत देणाऱ्याचे नाव, तारीख, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, आणि वेगळ्या रकान्यात आपल्याला काय दिसले ते. दोन्ही एकत्र मिसळू नका. देणाऱ्याकडून ‘देणगी की ठेव’ हे सहीनिशी घ्या. नातू उद्या वस्तू परत मागतो आणि तेव्हा समितीच बदललेली असते. फलक मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा. पलटणीत दोन्ही भाषांची माणसे एकाच खंदकात होती, आणि दालनात येणारी शाळेची पोरेही दोन्ही माध्यमांची असतील.

आमचे मत विचाराल तर विमानाच्या पत्र्यासाठी जीव टाकू नका. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या मोहिमेची फौज बेळगावातच जमली होती. त्या वेळचा जेरीकॅन, दारूगोळ्याची रिकामी लाकडी पेटी, कुणाच्या घरातली सैन्याची घोंगडी, यांची जागा सांगणारी माणसे अजून भेटतात. १९४४ मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि १९४५ मध्ये मिळवणारे नामदेव जाधव याच मराठा रेजिमेंटचे. त्या पलटणींत गेलेल्यांची पत्रे आणि सर्व्हिस बुकेही घरांत असतील. ती उधईच्या तोंडी जाण्याआधी गोळा करा, पत्रा कुठे जात नाही.

ज्यांच्याकडे विमानाचे तुकडे आधीच आहेत त्यांनी मिरगाच्या आत एवढे करावे: प्रत्येक तुकड्याचे दोन्ही बाजूंचे, पट्टीसकट फोटो, क्रमांक असल्यास त्याचा जवळून, बाजूने टॉर्चचा उजेड टाकून घेतलेला फोटो, आणि तुकडा कुणाकडून, कधी, कुठून आला त्याच्या चार ओळी. तबकडी किंवा काडतूस असेल तर फोटोसाठीसुद्धा हलवू नका, असेल तिथूनच घ्या.

आपले,
बेळगाव सीमाभागातील जुन्या धातुवस्तूंचे काही अभ्यासक व जतनकर्ते